अनुभव धागा: परदेशी अभ्याससहल आणि तिच्यामागे जागणारी माणसं

सहलीचे फोटो विद्यार्थ्यांचे येतात. त्या चाळीस जणांचे पासपोर्ट, गोळ्या, विमा आणि रात्री तीनचे फोन ज्यांच्या गळ्यात असतात, ते फोटोच्या अलीकडे उभे असतात. कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय विभागातले, सोबत जाणारे प्राध्यापक, विम्याच्या मदत केंद्रावरचे, परदेशी विद्यापीठांत हेच काम करणारे, सगळ्यांना आमंत्रण. अट एकच: ‘माझ्यावर कसा प्रसंग ओढवला’ नको. काय करायचं, किती, कशाच्या आधी आणि कुठे फसतं, तेवढं लिहा. वर आपलं टोपणनाव, खाली मजकूर.

तक्तेवाली

सुरुवात तिकिटावरच्या नावापासून. आपल्याकडे कॉलेजच्या हजेरीपटावर आडनाव आधी असतं. एजंटला तोच पट पाठवला की आडनाव पहिल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसतं. दुसरी अडचण वडिलांच्या नावाची: बऱ्याच मराठी पासपोर्टांवर ते मुलाच्या नावाला जोडूनच छापलेलं असतं, आणि मुलं फॉर्मवर नुसतं स्वतःचं नाव लिहितात. म्हणून नाव विचारायचंच नाही, पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्कॅन मागायचा आणि त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवायचं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. त्याच बैठकीत मुदतही बघा: परतीच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक नसतील तर नूतनीकरणाला आत्ताच धाडा.

मग तक्ता. पासपोर्ट क्रमांक, व्हिसा, रक्तगट, ॲलर्जी, रोजची औषधं, घरचे दोन फोन, खोली क्रमांक, खोलीतला जोडीदार. खोलीचा रकाना घरून भरून जमत नाही. चाव्या वाटतानाच रिसेप्शनपाशी उभं राहून भरावा लागतो, नंतर मुलं आपसांत खोल्या बदलतात. तीन प्रती: दोन्ही प्राध्यापकांकडे कागदावर, वेगवेगळ्या बॅगांत, आणि तिसरी इथे कॉलेजात फोनच्या ड्युटीवर असलेल्याकडे.

आणि डोकी मोजू नका. बसच्या दारात उभा राहून मोजणारा स्वतःला धरतो की नाही यावर एकाचा फरक पडतो, मग दुसऱ्यांदा मोजताना मागच्या सीटवरची दोघं जागा बदलतात. प्रत्येकाला १ ते ४० क्रमांक द्या आणि ज्याने त्याने आपला क्रमांक ओरडायचा. सतरानंतर शांतता झाली की अठरा नंबर कोण, हे लगेच कळतं.

औषधपेटी

औषधांची यादी देशागणिक नव्याने तपासायची. ‘मागच्या वर्षी चाललं होतं’ याला अर्थ नाही.

अमिरातीत कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही वेदनाशामकं नियंत्रित आहेत. डॉक्टरची चिठ्ठी असली तरी आधी तिथल्या सरकारची परवानगी काढावी लागते. आपल्याकडे कोडीन साध्या खोकल्याच्या औषधात सापडतं, घोळ तिथे होतो. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिन (सर्दीच्या गोळ्यांत असतं ते) १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध नेताच येत नाही, आणि लक्ष एकाग्र राहावं म्हणून दिली जाणारी ॲम्फेटामिनची औषधं चिठ्ठी असली तरी बंद. चिठ्ठीवर मिळणारी इतर साधी औषधं महिनाभराच्या वर न्यायची असतील तर आयातीचं प्रमाणपत्र आधी मागवायचं.

दिवाळीनंतर दुबई किंवा सिंगापूरला निघत असाल तर फराळाचे डबे उघडून बघा. खसखस दोन्हीकडे बंदी असलेली वस्तू आहे, आणि आयांनी दिलेल्या अनारशांच्या पाठीवर तीच चिकटलेली असते. हसू येतं, पण कस्टमवाल्याला अनारसा म्हणजे काय हे कोण समजावणार?

गोळ्या मूळ पाकिटात ठेवायच्या, प्लास्टिकच्या डबीत नाही. चिठ्ठीवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव हवं. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

केनिया, युगांडाकडे जाणाऱ्यांना पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी ग्राह्य होतं. ते नसेल तर परत येताना आपलंच सरकार ६ दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतं. लस अधिकृत केंद्रावरच मिळते, चाळीस जणांची तारीख एका आठवड्यात मिळेल असं धरून चालू नका.

कॅशलेस

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं विमाकवच लागतं. ही व्हिसाची अट झाली. उपचाराला तेवढे पुरतील असं नाही. रुग्णाला स्ट्रेचरवर आणायचं तर विमानाच्या अनेक सीटा अडवाव्या लागतात, सोबत डॉक्टर किंवा नर्स लागते, आणि विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म उपचार करणाऱ्या डॉक्टरने भरल्याशिवाय ती बसवूनच घेत नाही.

नेहमीची चूक: आधी भरती, मग बिल, मग आम्हाला, म्हणजे विम्याच्या मदत केंद्राला, फोन. जीवावरचं असेल तर अर्थातच आधी ॲम्ब्युलन्स. पण ताप, मुरगळलेला पाय, अपेंडिक्सची शंका असेल तर निघतानाच फोन लावा, म्हणजे बिलाचं हमीपत्र रुग्णालयात तुमच्याबरोबर पोचतं. हाताशी ठेवा: पॉलिसी क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, रुग्णालयाचं नाव, डॉक्टरचं नाव. छोट्या बाह्यरुग्ण बिलांचे पैसे बहुधा आधी खिशातून जातात, म्हणून प्राध्यापकाकडे वेगळं कार्ड हवं.

वगळलेल्या गोष्टींचं पान सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा: आधीपासूनचे आजार, दारूच्या अमलात झालेली इजा, साहसी खेळ. स्वित्झर्लंडच्या कार्यक्रमात पॅराग्लायडिंग असेल तर ते पॉलिसीत आहे का, हे कार्यक्रम छापण्याआधी विचारा.

लेव्हल तीन

अमेरिकेतल्या विद्यापीठांत परदेशी सहलींच्या सुरक्षेचं स्वतंत्र खातंच असतं. तिथल्या परराष्ट्र खात्याच्या प्रवाससूचनांच्या चार पातळ्या. तिसरी म्हणजे ‘जाण्याचा फेरविचार करा’, चौथी म्हणजे ‘जाऊ नका’. बऱ्याच ठिकाणी तिसरीपासून पुढे समितीची परवानगी लागते. मात्र पातळी अख्ख्या देशाची असते आणि त्यात एखाद्या प्रांताची वेगळी, म्हणून देशाचं नाव न बघता मुक्कामांची यादी बघायची.

दहशतवादाबद्दल पालक सगळ्यात जास्त विचारतात. आमचा वेळ रस्ते, पाणी आणि बाल्कन्या खातात. रात्रीचा घाटातला प्रवास नाही, भाड्याच्या दुचाकी नाहीत. बसमध्ये पट्टे आहेत का, हे कंत्राटातच लिहून घ्यायचं. जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर पोहणं नाही. हॉटेलात खोल्या साधारण दुसऱ्या ते सहाव्या मजल्यावर मागायच्या: तळमजल्यावर खिडकीतून चोर येतो आणि फार वर अग्निशमनाची शिडी पोचत नाही.

भारतीय पालकांना एक गोष्ट पटत नाही. अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्याची माहिती आम्ही त्याच्या संमतीशिवाय सहसा देत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवण्याचा १९७४चा अमेरिकी कायदा आहे. आरोग्य किंवा सुरक्षेच्या आणीबाणीत अपवाद आहे, पण ‘फोन उचलत नाही’ ही दरवेळी आणीबाणी नसते. निघण्याआधी संमतीपत्रावर सही घेतली की निम्मी भांडणं मिटतात.

शिक्का

पासपोर्ट हरवला तर: पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत, मग आपल्या दूतावासात आपत्कालीन प्रमाणपत्राचा अर्ज. ते भारतात परतण्यापुरतंच असतं. पॅरिसला पासपोर्ट गेला आणि पुढे लंडन असेल तर त्या मुलाची सहल तिथे संपली. त्याच्याबरोबर एक प्राध्यापक थांबतो, म्हणूनच दोघांहून कमी प्राध्यापक न्यायचे नसतात. सोबत दूतावासाला चालतील अशा मापाचे चार फोटो आणि पासपोर्टची रंगीत प्रत ठेवा. शनिवार-रविवार खिडकी बंद असते. दूतावासाचा आणीबाणीचा नंबर तक्त्याच्या मथळ्यावर लिहा.

रेंज नाही

अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलणं चालत नाही, संदेश जातात. चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि गूगल दोन्ही अडतात. भारतीय सिमच्या रोमिंगवर बहुतेकदा चालतात, हॉटेलच्या वायफायवर नाही. बँकेचा ओटीपी भारतीय सिमवर येतो, म्हणून रोमिंग इथूनच सुरू करा. कार्डाचा परदेशी वापरही सुरू करून घ्या. २०२० पासून नव्या कार्डांवर तो मुळात बंद असतो.

भूकंप, स्फोट, दंगल झाली की कॉल अडकतात, साधा एसएमएस घुसतो. ठरलेला संदेश: आपला क्रमांक आणि ‘ठीक’ किंवा ‘मदत’. एवढंच. ‘सर इथे खूप धूर आहे’ वाचायला वेळ नसतो, ‘१८ मदत’ पुरतं.

पालकांच्या गटावर रोज एक संदेश, ठरल्या वेळी. जर्मनीत रात्री नऊला पाठवला तर उन्हाळ्यात इकडे साडेबारा वाजलेले असतात आणि आया जाग्याच राहतात. तिकडच्या संध्याकाळी पाचला पाठवा.

तक्तेवाली

@रेंज नाही, त्याला जोडून: इथला ड्युटी फोन प्राचार्यांचा खासगी नंबर नसावा, मीटिंगमध्ये तो सायलेंटवर असतो. वेगळं सिम, दोन माणसं, बारा-बारा तासांची पाळी, बदलताना तोंडी निरोप. निघण्याच्या आदल्या रात्री तीन वाजता सोबतच्या प्राध्यापकाने त्या नंबरवर एकदा फोन लावायचा. पाच रिंगांत उचलला नाही तर पाळीवरचा माणूस बदला.