रोलर स्कीइंग हा खेळ की नुसती तालीम?

कंबर तलावकर:
पहाटे सोलापूरच्या होटगी रोडवर रोलर स्की, म्हणजे चाकं लावलेल्या लांब पट्ट्या, पायात घालून निघालो की दूधवाले गाडी थांबवून बघतात. काल एकानं विचारलं, "काका, पाय दुखावलाय का? दोन-दोन काठ्या?" ते एक असो. पण परवा आपल्यातलाच एकजण म्हणाला, बर्फावरचं क्रॉस-कंट्री, म्हणजे काठ्या मारत सपाटीवर-चढावर स्की करणं, हाच खरा खेळ, चाकांवरची ती तालीम. मला नाही पटत. २००० सालापासून रोलर स्कीच्या वेगळ्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होतात. शिवाय बहुतेक रोलर स्कीला ब्रेक नसतो! बर्फात पडलात तर कपडे झटकून उठाल, डांबरावर कातडी सोलते. माझं डावं कोपर साक्षीला आहे.

गुलमर्ग रिटर्न:
कोपराचं वाईट वाटलं, पण लागलं म्हणजे खेळ अवघड, असं नसतं. क्लासिक, म्हणजे पाय सरळ पुढे-मागे टाकायच्या, रोलर स्कीच्या एका चाकात उलटं न फिरू देणारा खटका असतो. पाय कसाही मारा, मागे घसरणार नाही. बर्फावरची स्की मधे कमानीसारखी उचललेली असते, तिच्याखाली मेण. नेमक्या क्षणी सगळं वजन एका पायावर टाकून कमान दाबली तरच मेण बर्फ धरतं; नाहीतर पाय सटकला. चार महिने रस्त्यावर घाम गाळून गुलमर्गला गेलो आणि पहिल्याच चढावर अक्षरशः रांगलो. त्यात ऊन चढलं की बर्फ बदलतो, मेणही बदला. डांबर कालही डांबर, आजही डांबर.

कंबर तलावकर:
मे महिन्यात या की वो सोलापुरात! दुपारी तापलेलं डांबर संध्याकाळीही मऊच. काठीचं टोक रुततं, उपसेपर्यंत लय गेली. खटक्याचं मात्र मान्य. म्हणून तर मी स्केटिंगच्या स्की वापरतो, त्यात खटका नसतो. पाय तिरका रेटावा लागतो, बर्फावर रेटतात तसाच.

शेंगाचटणी:
क्रॉस-कंट्री १९२४ पासून हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आहे. आपला जगदीश सिंह २०१८ला प्योंगचांगला १५ किलोमीटर पळाला तेही बर्फावरच. रोलर स्की तिथं अजून नाही. विषय संपला.

कंबर तलावकर:
मग खो-खोपण बंद करायचा का?

गुलमर्ग रिटर्न:
खो-खो दुसऱ्या कुठल्या खेळाच्या तयारीसाठी निघाला नव्हता. रोलर स्की वाढली ती बर्फवाल्यांना उन्हाळ्यात रिकामं बसायला नको म्हणून.

कंबर तलावकर:
त्यांचा उन्हाळा चार महिन्यांचा. आपला? माझ्या जन्मात होटगी रोडवर बर्फ पडणार नाही, गुलमर्गचा खर्च झेपणार नाही. मग रोज पहाटे मी कशाची तालीम करतोय, ते तरी सांगा.

शेंगाचटणी:
हे मात्र बिनतोड. रविवारी किती वाजता निघताय? हेल्मेट आहे, स्केटही आहेत, काठ्या नाहीत.

गुलमर्ग रिटर्न:
माझ्या घेऊन जा. टोकं बोथट झालीत, धार लावूनच रस्त्यावर उतरा.