मदत हवी आहे: लक्सची डिस्क लॅपटॉपवर उघडते, रास्पबेरी पायवर 'किल्ड' येतं

व्हीनसकॉर्नर: ऑफिस कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरला, म्हणजे पुराची भीती कायमचीच. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितल्यावर बॅकअपची १ टीबी डिस्क रोज राजारामपुरीला घरी नेतो. त्यात क्लायंटचे जीएसटीचे कागद, वाटेत हरवली तर पंचाईत. म्हणून लॅपटॉपवर (उबुंटू २२.०४, १६ जीबी रॅम) क्रिप्टसेटअप (लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करायचं साधन) टाकून डिस्क लक्सफॉरमॅट केली, म्हणजे लक्स पद्धतीने पासवर्डखाली कुलूपबंद केली. तिथं बिनघोर उघडते. ऑफिसातल्या रास्पबेरी पाय ३ या छोट्या कॉम्प्युटरवरही एपीटीने क्रिप्टसेटअप बसवलंय, पण पासवर्ड दिला की थोडं थांबून 'किल्ड' येतं. ६०० जीबी भरलेत, परत फॉरमॅट करायचं जिवावर येतंय.

शेलमास्तर: फॉरमॅटला हात लावू नका. पासवर्ड बरोबर आहे, रॅम कमी पडतेय. लक्स २ पासवर्डवरून किल्ली काढायला आर्गॉन२आयडी ही मुद्दाम भरपूर मेमरी खाणारी पद्धत वापरतं. त्याला किती मेमरी लागणार हे फॉरमॅट करताना, त्याच मशीनची ताकद बघून ठरतं. कमाल मर्यादा १ जीबी. तुमच्या पाय ३ ची सगळी रॅमच १ जीबी! कर्नल मग प्रोसेस मारून टाकतो. लॅपटॉपवर लक्सडंप चालवा, की-स्लॉट ० (पासवर्डची पहिली जागा) खाली मेमरी १०४८५७६ दिसेल. ते केबी आहेत.

सगळं लॅपटॉपवरच करायचं. एलएसबीएलके या कमांडने डिस्कचं नाव खात्रीने बघा, मग लक्सहेडरबॅकअप घ्या, म्हणजे हेडरची (डिस्कच्या सुरुवातीचा, की-स्लॉट असलेला भाग) प्रत. साधारण १६ एमबीची फाइल होते, ती या डिस्कवर ठेवू नका. नंतर लक्सकन्व्हर्टकी ही कमांड, पर्याय पीबीकेडीएफ-मेमरी २६२१४४, म्हणजे २५६ एमबी. डेटाला धक्का लागत नाही, फक्त स्लॉट नव्याने लिहिला जातो. पायवर उघडायला लॅपटॉपपेक्षा जास्त वेळ लागेल, अडकलं समजून कंट्रोल-सी मारू नका.

रूटदादा: एसडी कार्डावर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) वाढवूनही उघडेल, पण त्या नादाला लागू नका.

लाईट गेली की पाय आपोआप परत चालू होतो, तेव्हा पासवर्ड कोण देणार? तुमची भीती डिस्क वाटेत हरवायची, त्यामुळे पायच्या कार्डावर की-फाइल (पासवर्डऐवजी चालणारी फाइल) ठेवली तरी चालेल. यूरँडममधून (लिनक्सचा रँडम डेटाचा स्रोत) ४०९६ बाइट, मालकी रूटकडे, परवानगी ०४००. लॅपटॉपवरून लक्सअ‍ॅडकीने स्लॉट १ मध्ये घाला, पण पीबीकेडीएफ२ (किल्ली काढायची जुनी, हलकी पद्धत) आणि फोर्स-इटरेशन्स १००० देऊन. रँडम किल्लीला आर्गॉनचा भार कशाला? आणि पायवर उघडताना की-स्लॉट १ सांगाच. नाही सांगितलं तर आधी स्लॉट ० तपासला जातो आणि उगाच वेळ जातो. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) नोफेल टाका, नाहीतर डिस्क घरी राहिली त्या दिवशी बूटच अडेल.

व्हीनसकॉर्नर: कन्व्हर्ट झालं, पायवर उघडली. पण कॉपी लई संथ हाय ओ.

शेलमास्तर: पाय ३ च्या प्रोसेसरला एईएसच्या (डिस्क ज्या सायफरने, म्हणजे एन्क्रिप्शनच्या पद्धतीने, कुलूपबंद आहे तो) खास सूचना नाहीत, पाय ४ लाही नाहीत. क्रिप्टसेटअप बेंचमार्क चालवा, आकडे दिसतील. अशा मशीनवर एडिअँटम हा दुसरा सायफर बराच वेगात चालतो, पण सायफर बदलायचा तर अख्खी डिस्क रीएन्क्रिप्ट करावी लागते. रात्री आरसिंकने फक्त बदललेल्या फाइल नेत असाल तर आहे तसंच राहू द्या.

हां, पासवर्ड बदललात तर जुना हेडर बॅकअप नष्ट करा. त्या फाइलीतून जुन्या पासवर्डने डिस्क अजून उघडते.