चीनमधल्या शिआनला जाऊन आलेलं कोणी आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, म्हणजे १ तारखेपासूनची चिनी लोकांच्या सुट्ट्यांची गर्दी ओसरल्यावर, पाठीवर सॅक टाकून एकटाच शिआनला चाललोय. बजेट बेताचं, त्यामुळे हॉस्टेलच. शहराच्या जुन्या तटबंदीच्या आत बेल टॉवरजवळ राहावं की दक्षिण दरवाज्यापाशी? काही ठिकाणी परदेशी पासपोर्ट घेत नाहीत म्हणे, ते आधीच कसं कळेल?

टेराकोटा सैनिकांचे प्राचीन पुतळे बघायला मेट्रोची ९ नंबरची लाइन धरून हुआचिंगछी स्टेशन, पुढे बस असा बेत आहे. टूरवाल्यांबरोबर दुकानं बघत फिरायची हौस नाही. तटबंदीवरचा जवळपास १४ किमीचा फेरा सायकलने मारायचाय. संध्याकाळी सायकली किती वाजेपर्यंत देतात? ह्युएन त्सांगने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी ६५२ साली बांधलेला पॅगोडा तर बघणारच.

खरी पंचाईत जेवणाची. मी शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मुस्लिम मोहल्ल्यात जिकडेतिकडे मटण, बीफ. लिआंगफी, म्हणजे तिखट तेलातल्या त्या गार नूडल्स, चालतील असं वाटतं. पण ‘मांस नको, हाडांचं सूपही नको’ अशी चिनी चिठ्ठी कोणाकडे आहे का? आणि अलीपे या चिनी पेमेंट ॲपवर आपलं कार्ड रस्त्यावरच्या गाड्यांवरही चालतं का, की थोडे युआन रोख जवळ ठेवू?