मदत हवी आहे: नववीत सी, अकरावीत ए, मध्ये एक डी

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जाबद्दल विचारतोय. विद्यार्थी राज्याबाहेरचा, म्हणजे जीपीए (ग्रेडची सरासरी) किमान 3.4 हवा. नववीतले तीन सी जीपीएत धरले जात नाहीत (अर्जात दिसतात, ते वेगळं). खरी गोम दहावीच्या केमिस्ट्रीतल्या डीमध्ये आहे. तो विषय पुन्हा करून सी किंवा वरची ग्रेड मिळाली की जीपीएत नवी ग्रेड येते, पण अर्जात दोन्ही लिहाव्याच लागतात. लपवलं तर शेवटी ट्रान्सक्रिप्ट (शाळेची अधिकृत गुणपत्रिका) तपासताना प्रवेशही रद्द होऊ शकतो.

आता प्रश्न: ग्रेड घसरल्याचं कारण अर्जात स्वतःबद्दल लिहायच्या 350 शब्दांपर्यंतच्या चार उत्तरांपैकी एकात मांडावं, की जादा माहितीच्या रकान्यात दोन ओळीत उरकावं? अख्खं उत्तर त्यावर खर्चणं मला महागात पडेलसं वाटतं. असे अर्ज हाताळलेल्यांनी सांगा.