नस कापल्यानंतरची आग: अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी फरक पडतो का?

प्रश्न:
माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या मनगटात काच घुसली आणि मीडियन नर्व्ह (अंगठा आणि शेजारच्या बोटांकडे जाणारी नस) तुटली. शस्त्रक्रिया करून नस जोडली, जखमही छान भरली. पण अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत सतत आग होते. शर्टाची बाही नुसती घासली तरी कोपरापर्यंत कळ जाते. रात्री तो हात पांघरुणाबाहेर ठेवून झोपतो. प्रीगाबालिन या नसेच्या दुखण्यावरच्या गोळीने थोडं बरं वाटतं, पण दिवसभर गुंगी असते. ओळखीतल्या एकांनी अल्फा लिपोइक ॲसिड, व्हिटॅमिन सी आणि ई असं सगळं एकत्र असलेली गोळी सुचवली आहे आणि म्हणाले, ही सुरू कर आणि गुंगीची बंद कर. तो लगेच तयार झालाय. मला मात्र धास्ती वाटते. कुणाला याची माहिती आहे का?

उत्तर १:
मला मधुमेहामुळे तळपायांची आग व्हायची, तेव्हा डॉक्टरांनी अल्फा लिपोइक ६०० दिलं होतं. आराम पडला, पण त्याच काळात साखरही आटोक्यात आली, त्यामुळे गुण नेमका कशाचा ते सांगता येत नाही. मळमळ बरीच व्हायची.

उत्तर २:
ताई, मी हँड थेरपिस्ट आहे. नस जोडलेले हात रोज हाताळते, म्हणून सविस्तर लिहिते.

या कल्पनेला आधार आहे. नसेला इजा झाली की पेशींमध्ये सुपरऑक्साइडसारखे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात आणि वेदना पुढे पोचवणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी जास्तच चेततात. नस बांधलेल्या उंदरांना हे रेणू टिपणारं औषध, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, दिलं की स्पर्शाने होणारी वेदना काही काळ उतरते. माणसांत मात्र चित्र वेगळं आहे. अल्फा लिपोइकवरचं बहुतेक काम मधुमेहींवर झालंय. २००६च्या एका चाचणीत ५ आठवड्यांत रोज ६०० मिलिग्रॅमने त्रास कमी झाला. १२०० आणि १८००ने त्याहून जास्त फायदा झाला नाही, मळमळ तेवढी वाढली. पण २०२४च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अहवाल) ६ महिन्यांनंतर खोट्या गोळीच्या तुलनेत जवळजवळ काहीच फरक दिसला नाही. आणि कापलेली नस म्हणजे मधुमेहाने झिजलेली नस नव्हे.

व्हिटॅमिन सीचं नाव पुढे आलं ते १९९९च्या नेदरलँड्समधल्या अभ्यासामुळे. मनगटाचं हाड मोडलेल्यांना रोज ५०० मिलिग्रॅम असं ५० दिवस दिलं, तर सीआरपीएस हा चिवट दुखण्याचा आजार कमी जणांना झाला. २०१४च्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. शिवाय ते सगळं दुखणं सुरू होण्याआधीचं आहे, भावाचं तर सुरू झालंय.

अशाच पूरक गोळ्यांपैकी मला सगळ्यात जास्त खटकतं ते असिटिल-एल-कार्निटिन. नसांसाठी चांगलं म्हणून केमोथेरपी घेणाऱ्या स्त्रियांना ते दिलं; २०१३ साली निकाल आला, तर त्यांच्या नसांचा त्रास उलट वाढलेला होता. ‘घेतलं तर बिघडतं काय’ हे वाक्य म्हणूनच मला सहन होत नाही.

प्रीगाबालिन एकदम बंद करू देऊ नका. झोप उडते, घाम येतो, दुखणं उसळतं. गुंगीबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला: दिवसाचा डोस कमी करता येतो, ड्युलॉक्सेटिनसारखा पर्यायही असतो.

आता हाताचं. मनगटाच्या व्रणापासून तळहाताकडे बोटाने हलकेच टिचक्या मारत जा. बोटांत झिणझिण्या येणारी जागा दर महिन्याला पुढे सरकत असेल तर नस वाढतेय. साधारण दिवसाला १ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या टोकापर्यंत कित्येक महिने. ती जागा व्रणावरच अडकली असेल आणि तिथे टिचकी मारताच जीव कासावीस होत असेल, तर तिथे न्यूरोमा, म्हणजे नसेची गाठ झालेली असू शकते. सर्जनना दाखवा. गोळीने ती गाठ जात नाही.

हात झाकून ठेवू नका. जिथे स्पर्श सोसतो तिथून कापूस फिरवायला सुरुवात करा, मग मऊ ब्रश, मग टॉवेल. थोडा थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा.

प्रश्नकर्ती:
खूप आभार. बाटली आणून पाहिली. त्यात बी६ही आहे, १०० मिलिग्रॅम. चालेल का?

उत्तर २:
नको. बी६ जास्त मात्रेत बरेच दिवस घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात, बोटं बधिर होतात. मग बधिरपणा जखमेचा की गोळीचा हे आम्हालाही ओळखता येत नाही. बाटली सर्जनकडे घेऊन जा, तोवर सुरू करू नका.