कॉन्चेर्टोची पहिली मूव्हमेंट: ऐकायला सुरुवात कुठून करू?

मंद्रसप्तक: मी हिंदुस्तानी व्हायोलिन शिकते. कॉन्चेर्टो (एक सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची पाश्चात्य रचना) खूप आवडतात, पण पहिल्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे पहिल्या भागात, आपण कुठवर आलो तेच कळत नाही. स्टाफ नोटेशन (पाश्चात्य स्वरलिपी) येत नाही. रोज लोकलमध्ये अर्धा तास मिळतो, खर्च ५०० रुपयांपर्यंत. कृपया एकच कॉन्चेर्टो सुचवा, आणि त्यात काय ऐकायचं तेही सांगा.

ठाणेकर_७२: आधी चांगले हेडफोन घ्या. मी १८ हजारांचे घेतले, तेव्हा कुठे बासून (खर्जातलं फुंकवाद्य) वेगळा ऐकू आला. लोकलमध्ये हे संगीत ऐकूच नये.

रेवा: मोझार्टचा पियानो कॉन्चेर्टो क्र. २३, १७८६ चा. आधी ऑर्केस्ट्रा एकटा दोनेक मिनिटं मुख्य थीम मांडतो, सगळ्या मूळ पट्टीतच. मग पियानो त्याच थीम पुन्हा घेतो, पण दुसरी थीम पाचव्या स्वराच्या पट्टीत नेतो. मधे भटकंती, मग परत घरी. तेव्हा दुसरी थीमही मूळ पट्टीतच येते. शेवटाकडे ऑर्केस्ट्रा थांबला की कॅडेन्झा, म्हणजे पियानो एकटाच वाजतो तो तुकडा. इथला कॅडेन्झा मोझार्टने स्वतः लिहून ठेवलाय.

जुनी_तबकडी: २३ च. माझ्याकडे एलपी आहे, वडिलांनी काळा घोड्याला घेतलेली. मोबाइलवर ती मजा नाही.

ख्यालिया: सोपं आहे हो. ऑर्केस्ट्राचा भाग म्हणजे मुखडा, सोलो म्हणजे आलाप-ताना.

रेवा: ख्यालिया, नाही पटलं. मुखडा त्याच षड्जावर परत येतो. मोझार्टच्या आधीच्या विवाल्डीकडे ऑर्केस्ट्राचा तुकडा मधे मधे वेगळ्या पट्टीत परततो, आणि मोझार्टमध्ये तर सगळा खेळच पट्टी बदलण्याचा आहे.

ख्यालिया: समेवर येण्याचा आनंद तोच आहे. ऐकणाऱ्याला तेवढं पुरे.

कुलाबा_कॉजवे: मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात जा, प्रत्यक्ष ऐका. फक्त पहिल्या मूव्हमेंटनंतर टाळ्या वाजवू नका, फार त्रास होतो.

जुनी_तबकडी: १७७८ साली पॅरिसमध्ये सिंफनी चालू असताना मधेच टाळ्या पडल्या, तर मोझार्टने खूश होऊन वडिलांना तसं पत्र लिहिलं. वाजवू द्या की!

कुलाबा_कॉजवे: तेव्हाची गोष्ट वेगळी.

पेटीवाला: मंद्रसप्तक, ५०० रुपयेही लागणार नाहीत. फोनवर तानपुरा पांढरी सहावर (पेटीची सहावी पांढरी, तीच २३ ची मूळ पट्टी) लावा आणि हळू आवाजात २३ क्रमांकाखाली ठेवा. ऑर्केस्ट्राच्या पहिल्या फेरीत तो बराचसा जुळतो. पियानोची दुसरी थीम आली की खटकायला लागतो, कारण संगीत पांढरी तीनवर गेलेलं असतं. शेवटाकडे तीच थीम येते तेव्हा खटकत नाही. जुन्या वाद्यांवरचं रेकॉर्डिंग मात्र घेऊ नका, त्यांची पट्टी बहुधा थोडी खाली असते.

ठाणेकर_७२: मीही २३ च म्हणणार होतो. पण हेडफोन घ्याच.

सोलापुरी: मेंडेल्सनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो सुचवला कसा नाही कुणी? व्हायोलिन लगेच सुरू.

रेवा: म्हणूनच नको. त्यात ऑर्केस्ट्राची पहिली फेरीच गाळलीय आणि कॅडेन्झा मूळ थीम परतण्याआधी आणलाय. आधी रीत कळू दे, मग ती मोडलेली ऐकण्यात मजा.

मंद्रसप्तक: सगळ्यांचे आभार. २३ ऐकला, सुंदर आहे, पण पियानोत माझा हात नाही. मी बेथोव्हनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो घेतेय.

रेवा: अहो, पहिली मूव्हमेंटच २०-२५ मिनिटांची आहे!

मंद्रसप्तक: लोकलच्या अर्ध्या तासात बसते. पेटीवाल्यांचं ऐकून तानपुरा पांढरी दोनवर, म्हणजे याच्या मूळ पट्टीवर, लावला. सुरुवातीचे टिंपनीचे (ऑर्केस्ट्रातल्या नगाऱ्यांचे) ठोके षड्जावरच आहेत. पण थोड्या वेळाने व्हायोलिनं तेच ठोके वाजवतात ते चक्क कोमल रिषभावर, आणि बाकी सगळे गप्प! आता तो स्वर पुढे कुठे कुठे येतो तेच शोधतेय. कुणाला माहीत असेल तर इतक्यात सांगू नका.