प्रशिक्षणातून मुली आणि मजुरी करणारी मुलं गळतात, काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गावातल्या बेरोजगार मुलामुलींसाठी आम्ही पाच जण मिळून मोटार रिवाइंडिंग (मोटारीतली जळालेली तार काढून नवी गुंडाळणं) आणि पंप दुरुस्तीचा तीन महिन्यांचा वर्ग चालवतो. पहिल्या बॅचला २२ नावं आली, शेवटी ९ उरली. हजेरीपट उघडून बसलो, तर गळालेल्या १३ पैकी ११ जण एकतर मुली, नाहीतर भूमिहीन घरातली मुलं. एक मुलगा पायाने अधू आहे. वर्ग वरच्या मजल्यावर भरतो हे नाव नोंदवताना त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन दिवस कठडा धरून जिना चढला, तिसऱ्या दिवशी आला नाही. हे मनाला फार लागलं.

मग घरोघरी जाऊन विचारलं. शिकायचा कंटाळा कुणालाच नव्हता. वर्ग साडेपाचला सुटायचा आणि परतीची शेवटची गाडी पाचची, त्यामुळे मुलींना घरून परवानगी मिळेना. मजुरीवर जाणाऱ्यांचा रोज बुडायचा. एका मुलीचा हात इतका सुबक, की शिकवणारे दादा तिनेच गुंडाळलेली कॉइल बाकीच्यांना दाखवायचे. पाचव्या आठवड्यात तीही थांबली.

सरकारी योजना वाचून काढल्या. २०१४ साली सुरू झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असा नियम आहे, दिव्यांगांनाही वेगळा वाटा आहे. वयाची अट १५ ते ३५, स्त्रियांना ४५ पर्यंत सवलत. पण नुसत्या राखीव जागेने मुलगी दारापर्यंत येते, आत टिकत नाही, असं आता माझं ठाम मत झालंय. मला जास्त पटली ती आरसेटीची, म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांची पद्धत: प्रशिक्षण मोफत, राहायची सोय, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा. १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे इथे हे रुजलं.

ज्यांनी असं काम केलंय त्यांना विचारायचंय. निवासी वर्गाला मुलींच्या घरचे कसे तयार झाले? की अर्ध्या दिवसाचा वर्ग जास्त दिवस चालवणं बरं? बुडालेल्या मजुरीपोटी विद्यावेतन दिलं असेल, तर पैसा कुठून उभा केला, रोज दिलात की महिन्याने? शिकून झाल्यावर पहिलं काम मिळवून द्यायला कुणाला भेटलात?

सुगी संपली की दुसरी बॅच घेतोय. वर्ग तळमजल्यावर आणलाय, सुटायची वेळ चारची केलीय. मजुरीचं कोडं मात्र सुटलेलं नाही, आणि त्या कॉइलवाल्या मुलीच्या घरी परत जायच्या आधी मला त्याचं उत्तर हवंय.